माशेलच्या घराचं वीजबिल: ४१२ युनिटांवरून दोनशेच्या आत

१ एप्रिल २०२४

मार्च महिन्याचा वापर ४१२ युनिट. घरात एसी नाही. माणसं चार: आई, आम्ही दोघं आणि मुलगा. जुनं चिऱ्याचं कौलारू घर, मागे वाढवलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या, अंगणात विहीर आणि घरामागे छोटं कुळागर. माड, पोफळी, थोड्या केळी आणि मिऱ्याचे वेल. एवढ्या घराला चारशेच्या वर युनिट लागू नयेत असं वाटलं, म्हणून या नोंदी सुरू करतोय. ज्यांचं घर असंच आहे त्यांना उपयोग होईल.

गोव्यात वीज देणारं सरकारी वीज खातं एकच. कंपनी बदलून स्वस्त दर घेण्याची सोय इथे नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी: आपलं कनेक्शन कुठल्या वर्गात बसतं (घरगुती, व्यापारी, शेती) आणि महिन्याचा वापर दराच्या कुठल्या स्लॅबपर्यंत (टप्प्यापर्यंत) चढतो. घरगुती दराचे स्लॅब शंभर-शंभर युनिटांचे आहेत आणि ४०० च्या वर शेवटचा. पहिल्या शंभरातलं युनिट दोन रुपयांच्या आत पडतं, शेवटच्या स्लॅबमधलं पाचच्या वर. म्हणजे वरचं युनिट खालच्याच्या जवळपास तिप्पट. त्यामुळे महिन्याचे शंभर युनिट कमी केले तर जातात ते सर्वांत महागडे शंभर. पुढचा सगळा हिशेब मी हेच धरून केला आहे.

उद्दिष्ट: पाऊसकाळात आणि दिवाळीच्या आसपास, म्हणजे कुळागराला पाणी द्यावं लागत नाही तेव्हा, २०० च्या आत.

२ एप्रिल, रात्री

कशाला किती लागतं हे शोधायला काहीच विकत घ्यावं लागत नाही. मीटरवर तांबडा दिवा लुकलुकतो, त्याच्या शेजारी ‘३२००’ असा आकडा छापलेला असतो. ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं आणि १८.७५ ने गुणायचं, की त्या क्षणी किती वॅट चाललेत ते कळतं. तुमच्या मीटरवर १६०० किंवा ६४०० असेल तर गुणक त्या प्रमाणात बदलेल.

पंप चालू केला. सेकंदाला एक, मिनिटाला एकसष्ट. म्हणजे साधारण ११५० वॅट. १ एचपीच्या घरगुती पंपाला एवढं जाणारच.

मग रात्री सगळे झोपल्यावर दिवे, पंखे, टीव्ही, फ्रीज सगळं बंद केलं. तरी दिवा मिनिटाला सहा वेळा लुकलुकतच होता. ११० वॅटच्या वर काहीतरी चोवीस तास चालू आहे. बोर्डातले एक-एक एमसीबी (प्रत्येक लाइनचे आपोआप पडणारे स्विच) पाडत गेलो. इन्व्हर्टरचा पाडल्यावर दोनने कमी झालं, म्हणजे सुमारे ३५ वॅट. राउटर आणि सेट-टॉप बॉक्स मिळून दीड. उरलेल्यातला मोठा वाटा कुळागरातल्या पंपाकडे जाणाऱ्या लाइनचा. पंप तर बंद होता! स्टार्टर पंपाच्या खोपीत असल्यामुळे घरापासून तिथपर्यंतची केबल रात्रंदिवस जिवंत असते, ती काही पंप बंद केल्याने मरत नाही.

आज तो एमसीबी पाडून ठेवला. पाणी द्यायच्या वेळेपुरताच चढवायचा आणि तेव्हाही कुळागरात अनवाणी कुणी फिरायचं नाही असं घरात सांगितलं.

६ एप्रिल

शिगम्याच्या धावपळीत वायरमन मिळायला थोडे दिवस गेले. त्याने क्लॅम्प मीटर लावला: पंप बंद असताना त्या केबलमधून ०.१६ अँपिअर जात होता. केबलच्या वाटेवर उकरत गेलो तेव्हा केळीच्या बुंध्याजवळ एक जॉइंट सापडला. कधीतरी कुदळ लागून केबल तुटली असणार, ती पिळून वर टेप गुंडाळून मातीत पुरून टाकलेली. केळीला पाणी दिलं की तो भिजायचा. वीज मातीत जात होती आणि मीटर ती मोजत होता. महिन्याला सत्तावीस-अठ्ठावीस युनिट.

पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागली. त्या जागेवरून आई रोज केळीची पानं काढायला जाते.

केलेली दुरुस्ती अशी:
जॉइंट पूर्ण काढला, नवी अखंड केबल पीव्हीसी पाइपमधून नेली. स्टार्टर खोपीतून उचलून घरातल्या बोर्डाशेजारी आणला, म्हणजे पंप बंद तर केबलही बंद. शिवाय मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवला. केबल, पाइप आणि मजुरी २,४०० रुपये, आरसीसीबी १,९००. कुणी याच वाटेने जाणार असेल तर बाकी काही करा वा करू नका, हे आधी करा. एमसीबी जास्त प्रवाहाला तुटतो, मातीत गळणाऱ्या थोड्या प्रवाहाला तो ओळखतही नाही. त्यासाठी आरसीसीबीच लागतो.

१४ एप्रिल

पंप. हजार लिटरची टाकी भरायला पन्नास मिनिटं लागत होती. एवढ्या उंचीला १ एचपीचा पंप वीस-बावीस मिनिटांत टाकी भरतो, आणि नवा होता तेव्हा तो भरायचाही. उन्हाळ्यात विहीर खाली जाते म्हणून वेळ लागतो असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो. पण टाकीत पडणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसत होते, म्हणजे पंप कुठून तरी हवा घेत होता.

सक्शन पाइप वर काढला. फूट व्हॉल्व्हच्या (पाइपाच्या विहिरीतल्या टोकाची, पाणी परत उतरू न देणारी झडप) जाळीला झाडांच्या बारीक मुळ्या आणि गाळ. व्हॉल्व्हचं चामडं झिजलेलं. पाइपाच्या पहिल्या वळणावर चीर पडलेली, जिथून हवा शिरत होती. आधी फक्त जाळी साफ करून पाहिली: पन्नासाची चाळीस मिनिटं झाली. मग वळणाचा तुकडा बदलून नीट सोल्यूशन लावलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पंपातलं पाणी उतरलेलं. शेवटी फूट व्हॉल्व्हच नवा घातला. एकूण खर्च १,१५० रुपये.

टाकी आता बावीस मिनिटांत भरते. त्याहून मोठा फरक कुळागरात पडला. पोफळींना आणि केळींना पाणी द्यायला रोज तीन तास पंप चालायचा, तो आता पावणेदोन तासांत पुरतो. महिन्याला कुळागराचे शंभर युनिट जात होते, ते साठच्या आसपास आले. टाकीचे अठ्ठावीस होते ते तेरा. सगळ्या कामात सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त मिळालं ते इथे.

२१ एप्रिल

आता दरवर्गाचा प्रश्न. कुळागराचा पंप घरगुती मीटरवर आहे, म्हणजे त्याचे युनिट वरच्या महाग स्लॅबमध्ये जाऊन बसतात. शेतीचं वेगळं कनेक्शन घेतलं तर शेतीचा दर लागेल आणि तो घरगुतीच्या शेवटच्या स्लॅबच्या निम्म्याहूनही कमी आहे. ऐकायला एकदम पटणारी गोष्ट. मी कागदं जमवायला घेतली: एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारासारखा जमिनीचा उतारा), कृषी कार्ड, सहहिस्सेदारांची संमती. आमच्या एक-चौदावर आजोबांपासून पुढच्या सगळ्यांची नावं आहेत. सावईवेऱ्याच्या काकांपासून मुंबईच्या आत्यापर्यंत सगळ्यांना फोन झाले. कुणी नाही म्हटलं नाही, पण सह्या गोळा व्हायला वेळ लागतो हे धरूनच चाला.

कागदं येईपर्यंत हिशेब मांडला. शेतीच्या कनेक्शनवरून घरची टाकी भरता येत नाही. एका कामासाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर, आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. म्हणजे टाकीसाठी घरगुती मीटरवर अर्ध्या एचपीचा दुसरा पंप लागणार, ४,६०० रुपये. वेगळा मीटर-बोर्ड, अर्थिंग, केबल असा वायरमनचा अंदाज ६,८००. एकूण ११,४००.

आणि वाचणार किती? पंप दुरुस्त झाल्यावर कुळागराचे महिन्याला साठ युनिटच उरलेत. युनिटामागे दोन-अडीच रुपये वाचले तरी महिन्याला दीडशे. पाणी डिसेंबर ते मे एवढंच द्यायचं असतं, म्हणजे वर्षाला नऊशे. अकरा हजार वसूल व्हायला बारा वर्षं. अर्ज केला नाही. पंप दुरुस्त करायच्या आधी हिशेब केला असता तर तो शेतीच्या कनेक्शनच्या बाजूने बराच झुकला असता. हा क्रम महत्त्वाचा आहे म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

सावईवेऱ्याला माझ्या चुलतभावाचं गणित वेगळं आहे. त्याचं कुळागर मोठं, पंप २ एचपीचा, उन्हाळ्यात रोज पाच तास चालतो. रोजचे दहा युनिट, महिन्याचे तीनशे. त्याचं घर आणि कुळागर एकाच मीटरवर असतं तर हे सगळे शेवटच्या स्लॅबात गेले असते, युनिटामागे तीन रुपयांहून जास्त फरकाने. त्याला वेगळं कनेक्शन एका उन्हाळ्यात निम्मं-अधिक वसूल होतं. त्यामुळे ‘शेतीचं कनेक्शन घ्यावं का’ असं विचारणाऱ्याला मी आधी त्याचा पंप रोज किती तास चालतो ते विचारतो.

५ मे

पंखे. घरात पाच आहेत. जुना पंखा मीटरच्या दिव्यावर मोजला: पूर्ण वेगाला सुमारे ७२ वॅट. दुकानात पाहिलेला बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा २८ वॅटचा. पाचही बदला असं सगळेच सांगतात. पण पाहुण्यांच्या खोलीतला पंखा दिवसातून दोन तास फिरतो, त्यावर २,९०० रुपये घालून काय मिळणार? आईच्या खोलीतला अठरा तास फिरतो, ओसरीवरचा बारा तास. हे दोनच बदलले. महिन्याला चाळीस युनिटांचा फरक. आईचा पंखा अडीच-तीन वर्षांत पैसे फेडेल, ओसरीचा थोडा उशिरा.

अडचण आली ती रिमोटची. आईला रिमोट नको होता. रात्री उठून तो शोधायचा, चष्मा लावून त्यावरचं बटण पाहायचं, हे तिला जमेना आणि जमावं अशी अपेक्षाही बरोबर नाही. ‘मला भिंतीवरचं बटण दे रे,’ एवढंच म्हणाली. दुकानदाराने पंखा परत घेऊन ३०० रुपये वाढवून असा दिला की भिंतीवरचं बटण पटकन बंद-चालू केलं की वेग बदलतो. घरात वयस्कर माणूस असेल तर घेतानाच हे विचारा. आणि बीएलडीसी पंख्याच्या लाइनमधला जुना रेग्युलेटर काढून टाका. आमच्या ओसरीवर तो राहिला होता तेव्हा पंखा गुणगुणत होता.

१९ मे

फ्रीज जुना, २५० लिटरच्या आसपासचा. त्याच्यासाठी ११०० रुपयांचा प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर आणला, कारण फ्रीज मधूनमधून आपोआप बंद-चालू होतो, दिवा मोजून खरा आकडा मिळत नाही. पूर्ण दिवसाला २.१ युनिट. नव्या फ्रीजवर बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. मला आवडलेल्यावर २५० च्या आसपास होते, म्हणजे दिवसाला ०.७.

नवा घ्यायचा मोह झाला. किंमत चोवीस हजार. वाचणार महिन्याला चाळीस-बेचाळीस युनिट, आणि आता बिल खालच्या स्लॅबमध्ये आल्यामुळे ते युनिट साडेतीन रुपयांचे. चोवीस हजार फिटायला चौदा वर्षं. त्याऐवजी दाराचं रबर पाहिलं. दारात कागद अडकवून ओढला तर खालच्या कोपऱ्यात सहज सुटत होता. ८५० रुपयांचं नवं रबर, गरम पाण्यात भिजवून सरळ करून बसवलं. फ्रीज भिंतीला टेकलेला होता, तो वीतभर पुढे घेतला, मागची जाळी ब्रशने झाडली. आता दिवसाला दीड युनिट. हा फ्रीज स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवायचा.

एप्रिलचं रीडिंग ३६१ आलं होतं.

१८ जून

मेचं रीडिंग ३१८. पाऊस सुरू झाला आणि आरसीसीबी रोज रात्री पडू लागला. पाऊस जोरात असेल तेव्हाच. घरच्यांचं म्हणणं, हे काढून टाक. काढायचा नाही यावर मी ठाम होतो. तो पडतोय म्हणजे कुठेतरी वीज पाण्यात जातेय. सगळे एमसीबी पाडून एक-एक चढवत गेलो. गडग्यावरच्या (अंगणाच्या दगडी कुंपणावरच्या) दिव्याचा चढवला की पडायचा. दिव्याच्या डब्यात पाणी, आत मुंग्यांचं घर. डबा बदलून तोंड खालच्या बाजूला केलं, दीडशे रुपये लागले. त्यानंतर शांत.

या महिन्यात संयुक्त वीज नियामक आयोगाचा नवा दरआदेश लागू झाला, दर वाढले. वाढ सगळ्याच स्लॅबमध्ये आहे, पण वरच्या स्लॅबमध्ये पैशांत जास्त. मार्चसारखा वापर राहिला असता तर ती वाढ पूर्ण बसली असती.

१४ जुलै

गिझर. पंधरा लिटरचा, २ किलोवॅटचा. सकाळी साडेपाचला चालू व्हायचा आणि सगळ्यांचं आटोपेपर्यंत नऊपर्यंत चालूच. एक वीस लिटरची बादली कोमट-गरम करायला खरी वीज लागते ती ०.३ युनिट, कारण विहिरीचं पाणी इथे मुळात फार गार नसतं. बाकीची वीज टाकी पुन्हा पुन्हा तापवण्यात जाते. थर्मोस्टॅट ७० वरून ५० वर आणला, आणि पहिल्या अंघोळीच्या पंधरा मिनिटं आधी लावून शेवटची व्हायच्या आधीच बंद करायचा असं ठरवलं. महिन्याचे चाळीस युनिट होते ते पंचवीसवर आले.

न्हाणीतली चूल आणि तांब्याचं भाण अजून आहे, चुडतं आणि करवंट्याही घरच्याच. आई म्हणाली, मी तापवते की. पण पावसात ओलं जळण, आणि दमट न्हाणीत धूर. पंधरा-वीस युनिटांसाठी तिला धुरात बसवायचं नाही. हा पर्याय मी हिशेबात धरलाच नाही.

इन्व्हर्टरचंही तसंच. महिन्याला पंचवीस युनिट खातो. पण पावसाळ्यात एक माड किंवा फणसाची फांदी तारेवर पडली की तासन्‌तास वीज नसते, आणि आईला अंधारात उठावं लागतं. तो चालूच राहील.

१ ऑक्टोबर

सप्टेंबर २४७. चवथ (गणेश चतुर्थी) ७ तारखेला होती. मुंबईची आणि वाळपईची सगळी मंडळी घरी, रात्रभर आरत्या, माटोळीवर (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छतावर) दिव्यांच्या माळा, पाहुण्यांच्या खोलीतला पंखाही अखंड. त्यात काही कमी करायचं नाही.

आत्तापर्यंतचा खर्च: केबल आणि आरसीसीबी ४,३००, पंप १,१५०, पंखे ६,१००, रबर ८५०, वॅटमीटर १,१००, गडग्यावरचा डबा १५०. एकूण १३,६५०.

३ नोव्हेंबर

ऑक्टोबरचं रीडिंग १९४. ठरवलेला आकडा गाठला.

गेल्या काही दिवसांत छतावरच्या सौरऊर्जेचं पाहिलं. केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान, तीन किंवा जास्त असेल तर जास्तीत जास्त ७८,०००. एक किलोवॅट चांगल्या उन्हात दिवसाला चारएक युनिट देतो आणि त्याला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. मला दोन किलोवॅटसाठी १ लाख ३० हजार सांगितले. अनुदान जाऊन ७० हजार.

मार्चमधल्या ४१२ युनिटांच्या घराला पॅनेलांनी वरचे महाग स्लॅब पुसले असते, महिन्याला नऊशेच्या आसपास. साडेसहा वर्षांत पैसे फिटले असते. आताच्या १९४ युनिटांच्या घरात ते पुसणार पहिले दोन स्वस्त स्लॅब, साडेचारशेच्या आसपास. तेरा वर्षं. त्यात स्लॅबच्या गच्चीवर दक्षिणेला तीन माडांची सावली पडते आणि ते माड मी तोडणार नाही. तेव्हा सध्या नाही. ज्यांच्या घरी दोन एसी आहेत आणि गच्ची मोकळी आहे, त्यांनी मात्र हाच हिशेब आपल्या बिलावर करून पाहावा. त्यांचं उत्तर वेगळं येईल.

एक गोष्ट पुढची म्हणून नोंदवतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल करून दिवसाच्या वेळेनुसार दर आणायचं ठरवलं आहे. शेतीखेरीज सगळ्या ग्राहकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत, पण स्मार्ट मीटर बसल्यावरच. उन्हाच्या आठ तासांत दर किमान वीस टक्क्यांनी कमी, गर्दीच्या तासांत जास्त. आमच्याकडे अजून स्मार्ट मीटर नाही. तरी टाकीचा पंप आता संध्याकाळऐवजी दुपारी अकराला लावायची सवय घरात लावली आहे. त्याला खर्च काही नाही. कुळागराला मात्र सकाळी लवकरच पाणी देणार. दुपारी दिलेलं पाणी उन्हात जास्त उडून जातं.

१ फेब्रुवारी २०२५

डिसेंबरपासून कुळागराला पाणी सुरू आहे. जानेवारीचं रीडिंग २४३. जुन्या बिलांच्या फायलीत २०२४ चा जानेवारी ३६८ दिसतो. त्यातही पोफळींच्या बुंध्याशी सुकलेली पानं आणि चुडतं पसरली, तेव्हापासून पाणी एक दिवसाआड दिलं तरी माती ओली राहते. फेब्रुवारीपासून पंप रोजऐवजी एक दिवसाआड चालवणार. सहहिस्सेदारांच्या सह्या जमल्या आहेत, त्या फायलीत ठेवल्या. मुलगा काकड्या-भेंडीचा मळा वाढवायचं म्हणतोय. पंप रोज चार तासांच्या वर गेला तर शेतीच्या कनेक्शनचा अर्ज त्या दिवशी करायचा.